शेवटची काडी

रेंजबहाद्दराची सॅक इतरांच्या सॅकेइतकीच फुगलेली असते, फक्त आतला माल वेगळा. बाकीचे टॉर्च, चिवडा नि ओडोमॉस कोंबतात. हा लॅपटॉप, दोन पॉवरबँका, दोन कंपन्यांची सिमकार्डं आणि केबलींचा गुंता घेऊन येतो. वरून सॅकला बांधलेलं घडीचं सोलर पॅनेल. सह्याद्रीत ट्रेकिंगला उधाण येतं ते जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका सूर्य रजेवर असताना. पण ही गोष्ट पॅनेल विकणाऱ्याने कशाला सांगावी?

वय पस्तिशीच्या अलीकडेपलीकडे, नोकरी हिंजवडीत, हुद्द्यात कुठेतरी ‘लीड’. शुक्रवारी संध्याकाळी तो ‘सोमवारपर्यंत मेल पाहता येणार नाहीत’ असं आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवतो. मग ते ज्याला ज्याला गेलं, त्याला पाठोपाठ स्वतःच्या हाताने दुसरं उत्तर धाडतो. पहिल्यावर कुणी विश्वास ठेवला तर काय घ्या!

त्याला अडाणी मात्र म्हणू नका. टॉवर लांब असला की फोन ताकद लावून त्याला हाका मारत बसतो आणि बॅटरी भराभर उतरते, म्हणून दरीत शिरताना फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, हे ग्रुपला त्यानेच शिकवलं. थंडीत लिथियम बॅटरी मलूल पडते, म्हणून रात्री पॉवरबँक स्लीपिंग बॅगेत कुशीत घ्यायची, हेही त्याचंच. (बायको सोबत असली, तर ती दुसऱ्या तंबूत मैत्रिणींकडे झोपते.) विमानतळावर तर त्याच्या विद्वत्तेला बहर येतो. वीस हजार मिलिअँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर. मर्यादा १०० ची, आणि पॉवरबँक हातातल्याच बॅगेत हवी, चेक-इनमध्ये चालत नाही. हे सगळं तो सुरक्षा जवानाला समजावतो. जवान म्हणतो, “ट्रेमध्ये ठेवा.”

लडाखला जाताना बाकीच्यांनी लोकरीच्या टोप्या घेतल्या, याने पोस्टपेड सिम घेतलं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, हे लेहला उतरल्यावर सगळ्यांना कळलं आणि दोन दिवस या गृहस्थाचा भाव वधारला. त्याला खरा हवाय तो सॅटेलाइट फोन. पण आपल्याकडे तो परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि असलं यंत्र सापडून परदेशी पर्यटक विमानतळावर अडकल्याच्या बातम्या त्याने वाचल्यात. तेवढ्यापुरता तो कायदा पाळतो.

त्याचं खरं रूप बघायचं तर हरिश्चंद्रगडावर. उंची १,४२४ मीटर. पाचनईहून चढून आलेली मंडळी केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उतरून शिवलिंगाला फेरी घालतात. भोवतीच्या चार खांबांपैकी तीन तुटलेत, एक शाबूत आहे. हे खांब म्हणजे चार युगं, आणि शेवटचा पडला की जगबुडी, अशी तिथली समजूत. गुहेच्या तोंडाशी आपला गडी फोनकडे बघत उभा. त्याच्याही चार काड्यांपैकी तीन गेलेल्या, एकच लुकलुकतेय. जगबुडीची कल्पना समजायला त्याला पुराण ऐकावं लागत नाही.

“मामा, रेंज कुठे येते हो?” हा त्याचा गावकऱ्यांना पहिला प्रश्न, भाकरीचं त्यानंतर. मामांनाही सवय झालेली. “त्या कातळावर उभं ऱ्हावा, त्वांड खाली कोकणाकडं करा. हलू नका.” कोकणकड्यावर सगळे पालथे पडून खाली डोकावतात ते दरीसाठी. हाही पालथा पडतो, पण हात पुढे लांबवल्यावर एक काडी वाढते म्हणून. वाढलेल्या काडीवर उतरलेली मेल बहुधा कँटीनची असते: सोमवारी पोहे मिळणार नाहीत. खाली अकरा जणांनी सर्वांना उद्देशून लिहिलेलं ‘नोटेड, थँक्स’. बारावं त्याचं.

काम अडलंय अशी मेल येतच नाही, ही त्याची खरी व्यथा. दर दोन तासांनी तो कातळावर जातो तो आग विझवायला नव्हे, लागली का ते बघायला.

ग्रुप दिवसभर त्याची टर उडवतो. संध्याकाळी पिठलं-भाकरी झाली की टर उडवणारेच एकेक करून अंधारात त्याच्या तंबूशी घोटाळू लागतात. कुणाला आईला पोचल्याचं कळवायचंय, कुणाला फक्त स्कोअर बघायचाय, आणि ‘निसर्गात आल्यावर फोन कशाला’ म्हणणाऱ्या ट्रेक लीडरला सूर्यास्ताचा फोटो टाकायचाय. तो हॉटस्पॉट सुरू करतो, पासवर्ड सांगतो आणि अट घालतो, “व्हिडिओ कुणी लावायचा नाही. माझी अठरा एमबीची अटॅचमेंट दुपारपासून चाललीये.”