कळेनासं झालं की बायकांचं

बाळ म्हणजे काय, हे आमच्या खानदेशातल्या असोद्यात कुणाला विचारावं लागत नाही. ब्रुसेल्सला विचारावं लागलं. जागतिक सीमाशुल्क संघटनेचं कार्यालय तिथे आहे आणि तिच्याच वर्गवारीवर आपलं दरपत्रक चालतं. त्यातलं ६१वं प्रकरण होजिअरीच्या कपड्यांचं. बाळाचं झबलं कोणतं? ज्या लेकराची उंची ८६ सेंटिमीटरच्या वर नाही त्याचं. एक सेंटिमीटर वाढलं की गेलं बाळपण, झबल्याचा रकाना बदलला.

बाई-पुरुषाचा निकालही याच प्रकरणात लागतो. पुढून डावी बाजू उजवीवर आली तर कपडा पुरुषाचा, उजवी डावीवर आली तर बाईचा. आणि कुणाचा ते कळेनासं झालं तर? तर बायकांचा! नियमच आहे तसा. जे कुणाचंच ठरत नाही ते बाईच्या नावावर टाकायचं, ही पद्धत आमच्या घराघरांत ब्रुसेल्सच्या कितीतरी आधीपासून चालू आहे; त्यांनी फक्त छापली.

सदऱ्याला कमरेखाली खिसा असला तर हे पुस्तक त्याला सदरा म्हणत नाही. टी-शर्टला खाली आवळायची नाडी लावली की तो ६१०९ क्रमांकाच्या रकान्यातून हद्दपार. एवढ्यावर भागत नाही. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, आडवे-उभे टाके मोजायचे. सेंटिमीटरला सरासरी १० भरले नाहीत तर पुन्हा सदरा नापास. ‘भो, एवढं बारीक तर आम्ही पोरीसाठी स्थळ पाहतानाबी पाहत नाही,’ असं पारावरचे आबा म्हणतील. त्यांना कोण सांगणार, की जावई आयात होत नाही.

आता या टी-शर्टचा बाप, म्हणजे कापूस. तो ५२०१ मध्ये. परदेशी कापसावर ११ टक्के शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ला ते माफ झालं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ‘राहू द्या अजून थोडं’ म्हणत ३१ डिसेंबरपर्यंत. खानदेशात वेचणीचा हंगाम नेमका तेव्हाच. बाहेरचा कापूस असा मोकळ्या हाताने आत, आणि आमचा पांढऱ्या सोन्याचा धनी गाडी भरून खरेदी केंद्रावर उभा. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६च्या हंगामात क्विंटलला ८११० रुपये होता, पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. वर गेला की, आबा, वाळवून आणा.

मग तो कापूस व्यापाऱ्याकडे जातो, गाठ होते, सूत होतं, नि त्यातलं काही बांगलादेशात पोचतं. तिथे त्याचा टी-शर्ट होतो आणि दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराच्या साफ्टा कराराखाली सीमाशुल्काविना परत येतो. १७ मे २०२५ला आपण जमिनीवरची नाकी त्या तयार कपड्यांना बंद केली. उतरायचं तर न्हावा शेवा नाही तर कोलकाता. त्यामुळे न्हावा शेव्याचा मार्ग धरणाऱ्या टी-शर्टला बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र दोन्ही घडतात. कापूस पिकवणाऱ्याला तापीपल्याड जायला सवड नसते.

बंदरावर साहेब टाके मोजतात, नाडी बघतात, खिसा चाचपतात. मूळ देशाच्या दाखल्यावर असतं बांगलादेश. आबांनी तिथे जाऊन ‘साहेब, हा कापूस माझ्या वावरातला’ म्हटलं, तर त्यांचीच वर्गवारी करावी लागेल. आणि आबांच्या कोपरीला खिसा कमरेखाली आहे.