रेषेबाहेरचा यजमान

बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाची व्याख्या करायची झाल्यास, ४८ मिनिटांच्या सामन्यात चेंडूला हात लावण्याची ज्याला मुभा नसते आणि तरीही पराभव मात्र सर्वस्वी ज्याच्या खाती मांडला जातो असा गृहस्थ, अशी ती करावी लागेल. ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद मैदानाच्या कडेने जाणाऱ्या रेषेस साइडलाइन म्हणतात. खेळाडूंच्या लेखी ती मैदानाची हद्द असते, प्रशिक्षकाच्या लेखी लक्ष्मणरेषा. खर्च, धावपळ आणि बोलणी आपल्याकडे, मुहूर्त भटजींकडे आणि नाचणारे भलतेच, अशी लग्नमंडपातल्या वधूपित्याची जी अवस्था, तीच याची. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक संघटनेत २०२० पर्यंत प्रशिक्षकांना कोट घालूनच उभे राहावे लागे, त्यामुळे हे साम्य पोशाखातही उतरले होते.

या पदाच्या मर्यादा प्रथम अनुभवल्या त्या खुद्द खेळाच्या जनकाने. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या फळांच्या टोपल्या कठड्याला टांगून हा खेळ निर्माण केला, त्याचे तेरा नियम स्वतः लिहिले आणि पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारून ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले तेवढे एकच प्रशिक्षक होऊन गेले, यावरून नियम रचणे आणि माणसे हाताळणे ही दोन भिन्न शास्त्रे असावीत, असा निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नाही.

दुसऱ्या शास्त्रातील अधिकारी पुरुष म्हणून सॅन अँटोनियो स्पर्स संघाचे ग्रेग पोपोविच यांचा उल्लेख करावा लागतो. १९९६ ते २०२५ या काळात त्यांनी पाच अजिंक्यपदे मिळवली. मात्र वार्ताहरांनी सामना चालू असताना विचारलेल्या प्रश्नांना ते कित्येकदा एकाच शब्दात उत्तर देत, आणि तोही शब्द उसना आणल्यासारखा. या तिरसटपणाखाली एक मिस्कील मनुष्य दडलेला होता, याचे पुरावे मात्र उपलब्ध आहेत. पहिल्यासाठी दोन संज्ञा माहीत हव्यात. प्रतिस्पर्ध्याला नियमबाह्य रीतीने अडवणे म्हणजे फाउल. त्याची भरपाई म्हणून काही वेळा मिळणारी, कुणीही न अडवता १५ फुटांवरून चेंडू टाकण्याची संधी म्हणजे फ्री थ्रो. सात फुटांहून उंच शकील ओनील याच्या फ्री थ्रोंपैकी जेमतेम निम्मे टोपलीत जात, म्हणून त्याला मुद्दाम फाउल करावे, असा एक रूक्ष डावपेच रूढ झाला आणि पोपोविच यांनी तो मनसोक्त वापरला. २००८च्या ऑक्टोबरात नव्या हंगामाचा पहिलाच सामना सुरू होऊन पाच सेकंद होतात न होतात, तोच स्पर्सच्या खेळाडूने विनाकारण ओनीलला फाउल केले. चकित ओनीलने वळून पाहिले, तर रेषेपलीकडे पोपोविच हसत दोन्ही अंगठे वर करून उभे होते.

दुसरा पुरावा असा: २०१२ साली स्पर्सच्याच पस्तिशीतल्या टिम डंकनला एका सामन्यात विश्रांती दिली गेली, तेव्हा न खेळण्याच्या कारणासाठी राखलेल्या जागी अधिकृत गुणपत्रकात चक्क ‘म्हातारा’ अशा अर्थाचा शब्द छापला गेला. (रजेच्या अर्जातील ‘घरगुती कारणास्तव’ या चिरंतन मजकुराशी तुलना करता, हे कारण निदान पडताळून पाहण्याजोगे होते, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे.)

याच डंकनला बाकावर बसवणे एकदा फार महागात पडले. २०१३च्या अंतिम फेरीतील मायामीविरुद्धच्या सहाव्या सामन्यात २८ सेकंद उरले असताना स्पर्सकडे पाच गुणांची आघाडी होती. विजयी संघाच्या जल्लोषासाठी गर्दी अडवणारे पिवळे दोर मैदानाच्या कडेला आलेही होते. दुरून टाकलेल्या चेंडूचे तीन गुण मिळतात, तेव्हा दूरच्या नेमबाजांवर धावून जाणारे चपळ गडी हवेत, हा हिशेब करून पोपोविच यांनी उंच डंकनला बाहेर ठेवले. हिशेबात चूक नव्हती. परंतु हुकलेला चेंडू उसळून परत येतो तेव्हा तो उंच माणसाच्या हाती लागतो, आणि दोनदा तो मायामीच्याच हाती लागला. दुसऱ्या खेपेस त्यांच्या रे ॲलनने मागे सरकत कोपऱ्यातून बरोबरी साधली, तेव्हा ५.२ सेकंद बाकी होते. जादा वेळेत स्पर्स हरले आणि दोर गुंडाळले गेले.

त्या रात्री मायामीतल्या एका उपाहारगृहात विजयाची पंगत आधीच ठरवून ठेवलेली होती. पोपोविच यांनी ती रद्द केली नाही. ते सर्वांच्या आधी तेथे पोचले, टेबले त्यांनी नव्याने मांडून घेतली, आणि खाली मान घालून एकेक खेळाडू आत येऊ लागला तसे त्याला मिठी मारून ते त्याच्या पेल्यात वाइन ओतत राहिले.