गोदावरीला छप्पर घालणाऱ्या साहेबांना खुले पत्र

साहेब,


त्र्यंबकेश्वरात गोदावरीच्या दर्शनाला आलेला भाविक आता नदीवरूनच चालतो आणि ‘नदी कुठंय?’ म्हणून विचारतो. ब्रह्मगिरीवरून उतरलेल्या गंगेच्या तळाला तुम्ही काँक्रीट ओतलंत, गावात तिच्यावर स्लॅब टाकलात. या कामगिरीबद्दल तुमचा सत्कार खरं तर माशांनी करायला हवा. पण ते येणार कुठून? वाट तुम्हीच बुजवलीत.

मृगाचा पाऊस कोसळला, ओढे गढूळ पाण्यानं फुगले की मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. हे चढणीचे मासे. ठाणे-रायगडकडे त्यांना वलगणीचे म्हणतात. पोटात अंडी असतात आणि शोध असतो उथळ पाण्याचा. महाशीर अंडी घालतो ती गोट्यांच्या फटींत रुततात, तीन-चार दिवसांत फुटतात, आणि पिल्लं पुढचे काही दिवस तिथंच दडून राहतात. मळ्या मासा दगडाला चिकटून शेवाळ खरवडत जगतो. तुमच्या गुळगुळीत तळाला ना फट, ना गोटा. स्लॅबखाली ऊनही नाही, मग शेवाळ कुठलं? त्यात सांडपाणी सोडलं की उरलासुरला प्राणवायूही संपतो.

याच त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणा पश्चिमेला जाते. वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या देवळापाशी तिच्या डोहात महाशीर आहेत. लोक त्यांना देवाचे मासे मानतात, कुणी गळ टाकत नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीतही तेच. त्या गावांनी मासे देवाचे मानले, म्हणून ते वाचले. देव तिथेही आहे आणि इथेही. इथे मध्ये तुम्ही आलात.

वाट मोकळी केली तर मासे परत येतात. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडण्याचं काम २०२४ मध्ये संपलं. त्याच वर्षी सॅमन मासे शतकभर बंद असलेल्या पाण्यात अंडी घालायला पोहोचले. आम्ही गंगापूर धरण पाडा म्हणत नाही, नाशिक त्याचं पाणी पितं. पण त्र्यंबकमधली माशांची वाट तरी मोकळी करा. नाशिकच्या गोदापात्रातल्या जुन्या कुंडांवरचं काँक्रीट काढायला नागरिकांना न्यायालयात जावं लागलं. त्र्यंबकचा स्लॅब हरित लवादापर्यंत गेला. दर वेळी लोकांनीच वकील शोधायचे का?

२०२७च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत. नवा घाट बांधण्याआधी जिथे शक्य आहे तिथला स्लॅब उचला, तळाचं काँक्रीट फोडा, गोटे आणि वाळू परत टाका, काठावर करंज-उंबर लावा, आणि सांडपाण्याचा एकही नळ पात्रात सोडू नका. पुढच्या मृगाआधी सुरुवात करा.

आपला,
गोदाकाठचा एक रहिवासी