शिळ्या पेट्रोलचं काय करायचं वो, मावशी?

कळंबसारख्या गावात दोन घरांमधली कंपाऊंडची भिंत छातीएवढीच बांधतात. त्याहून उंच बांधली की लोक विचारणारच, एवढं काय लपवायलेत म्हणून. आमच्या आणि शेजारच्या मावशींच्या मधली भिंतही अशीच बेताची. सकाळी नळ येऊन गेला, की गल्लीचं निम्मं कामकाज तिच्यावरूनच चालतं.

मिरगाच्या तोंडावर एक दिवस भिंतीशी गेले, तर नाकात झणकाच बसला.

"मावशी, काय सांडलं का वो? वास यायलाय."

"सांडलं न्हाई, उघडलंय. फवाऱ्याच्या पंपाचं पेट्रोल हाय. पोळ्याच्या टायमाला सोयाबीन फवारायला आणलं, तवापासून कोठीत पडलंय. आज पंप काढला तर चालूच होईना. पोरगं दोरी वढून वढून थकलं."

तो कॅन मला माहीत होता. येळवसला आंबिलीची घागर न्यायला मावशींच्या कोठीत गेले होते, तेव्हा कोपऱ्यात पाहिला होता. पाच लिटरचा, मूळचा गोडेतेलाचा. बूच हरवलेलं, म्हणून तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर. आत चारेक लिटर. लिटरला शंभराच्या वर भाव, तेव्हा मावशींचा जीव त्यात अडकला तर नवल नाही.

"ओतून देऊ म्हणता? चारशे रुपये नालीत?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. पण भिंतीवर विषय निघाला की न विचारता सल्ले येतात. समोरच्या वहिनी झाडू हातात घेऊनच आल्या. त्यांचं म्हणणं, शेळ्यांना गोचीड झालेत, त्यांना चोळा, एका दिवसात मरतील. मावशींकडं उस्मानाबादी शेळ्या आहेत, काळ्याभोर, लांब कानांच्या. त्यांच्यावर मावशींचा नातवाइतका जीव.

"गोचीड मरतील का शेळी मरंल?" मावशी म्हणाल्या.

रास्त प्रश्न होता. पेट्रोलनं कातडी भाजते, वाफ फुफ्फुसात जाते, अंग चाटताना शेळीच्या पोटात जातं. गोचिडाचं औषध जनावरांच्या दवाखान्यात मिळतं.

मग मावशींच्या नातवानं तोंड उघडलं. परड्यात पालापाचोळा साठलाय, त्याच्यावर ओतून काडी लावू म्हणाला. एवढ्यात पलीकडच्या गल्लीतून अण्णा आले. अण्णा म्हणजे एस.टी.च्या डेपोतले रिटायर मेकॅनिक. आवाज अजून वर्कशॉपातलाच.

"काडी लावायच्या आधीच पेटंल ते! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असती. वर जात न्हाई, जमिनीला धरून पसरती. तू इथं उभा ऱ्हाशील अन वाफ तिकडं आजीच्या चुलीपाशी गेलेली असंल."

हे खरंच आहे. रॉकेल नुसतं सांडलं तर लगेच पेट घेत नाही. पेट्रोल मात्र शून्याखाली चाळीस अंश थंडीतसुद्धा पेटण्याजोगी वाफ सोडतं. कळंबच्या जूनमध्ये तर विचारायलाच नको. नातू गप्प बसला.

मावशींचे बंधू आदल्या दिवसापासून मुक्कामाला होते. त्यांचा सल्ला वजनदार, कारण त्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे. "टाकीत डिझेलसंगं ढकलून द्या की. चार लिटरनं काय हुतंय?"

यावर अण्णा जे तापले! डिझेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोल कोरडं. ते मिसळलं की धातूवर धातू घासतो, आणि पुढचा खर्च चारशेत नाही, हजारांत मोजायचा. बंधूंनी तंबाखू मळायला घेतली. म्हणजे पटलं होतं.

"पण खराब कसं झालं ते सांगा की," मावशी म्हणाल्या. "दूध हाय का नासायला?"

अण्णांनी कॅन सावलीत, चुलीपासून लांब घेतला, हात लावण्याआधी बंधूंची तंबाखूसोबतची काडेपेटी खिशात घालायला लावली, आणि काचेच्या स्वच्छ बाटलीत तळातलं थोडं पेट्रोल काढून उजेडासमोर धरलं. वरचा भाग गडद तांबूस. वास ताज्या पेट्रोलचा नव्हे. आंबूस, जुन्या व्हार्निशचा. आणि बाटलीच्या तळाशी बोटभर जाडीचा वेगळा थर, वरच्याशी न मिसळणारा. बाटली हलवली की दोन्ही गढूळ व्हायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसायचे.

"ह्ये बघा. वरलं पेट्रोल. खालचं पाणी अन इथेनॉल."

इथं मावशींचे कान टवकारले. इथेनॉल हा शब्द आमच्या तालुक्यात कुणाला शिकवावा लागत नाही. रांजणीला नॅचरल शुगरचा कारखाना आहे, त्याची डिस्टिलरी आहे. चोराखळीच्या धाराशिव कारखान्यानं तर २०२१ मध्ये, कोरोनात माणसं ऑक्सिजनविना तडफडत होती तेव्हा, इथेनॉलच्याच प्रकल्पात फेरफार करून ऑक्सिजन काढला होता. इकडच्या लोकांना त्याचा अजून अभिमान आहे, आणि असावाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरला वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सुरू झालं, आणि आता पंपावर साधारण तेच मिळतं. लिटरमागं पाचवा हिस्सा.

"म्हंजी आमच्याच उसाचं?"

"उसाचंबी, अन आता मक्याचंबी लई येतंय," अण्णा म्हणाले.

"म्हंजी आमचाच ऊस, आमच्याच पैशानं परत आणलेला, अन आमचाच पंप बंद पाडला म्हणा."

हसू आलं, पण सगळा दोष इथेनॉलवर ढकलणंही बरोबर नाही. ते मिसळत नव्हते तेव्हाही पेट्रोल शिळं व्हायचंच. त्यातले हलके घटक, ज्यांच्या जोरावर इंजिन पहिल्या झटक्याला पेटतं, ते सगळ्यात आधी उडून जातात. मावशींच्या कॅनला तर बूचच नव्हतं. राहिलेलं हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू चिकट होत जातं. इथेनॉलची तऱ्हा वेगळी, आणि ती अण्णांनी भिंतीला शोभेल अशी सांगितली: त्याची पेट्रोलशीबी सोयरीक, पाण्याशीबी. हवेतलं थोडं पाणी आलं तर ते सांभाळून घेतं. जास्त झालं की पेट्रोलचं घर सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन नांदतं. आणि जाताना पेट्रोलचा ऑक्टेनही घेऊन जातं, म्हणून वरचं स्वच्छ दिसलं तरी इंजिनाच्या कामाचं उरत नाही. घट्ट झाकणाच्या भांड्यात, सावलीत ठेवलेलं पेट्रोल काही महिने टिकतं. पिशवी नि रबरावर, पत्र्याच्या कोठीत, एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढलेलं कसं टिकणार?

अण्णांनी पंपाचा कार्बोरेटर खोलून मावशींच्या तळहातावर ठेवला. खालच्या वाटीत पिवळट चिकटा, नखानं खरवडावा लागेल असा. जेटचं भोक मुळात एवढं बारीक की सुईचं टोक कसंबसं जावं, आणि ते पुरतं बुजलेलं. मावशींनी चष्मा वर करून, खाली करून, दोनदा पाहिलं. "एवढ्याशा भोकासाठी पोरानं खांदा मोडून घेतला," म्हणाल्या.

आता प्रश्न उरला त्या चार लिटरचा. नुसतं जुनं असतं, पण स्वच्छ आणि एकजीव असतं, तर अण्णांच्या मते ते जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत आठ-दहा पट ताज्या पेट्रोलमध्ये थोडं-थोडं मिसळून संपवता आलं असतं. पण इथं थर सुटले होते. शिवाय त्यात फवाऱ्याचं टू-टी ऑइल मिसळलं होतं की नव्हतं, यावर घरात तीन मतं होती. तेव्हा गाडीचा विषय संपला.

नालीचाही संपला, आणि तो मी संपवला. आमच्या नाल्यांचं पाणी शेवटी मांजरेकडंच जातं. हीच मांजरा आटली म्हणून २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन धावलेल्या बायकांना नालीत पेट्रोल ओता असं सांगायला फार मोठी छाती लागेल. परड्यात ओतलं तर ते बोअरच्या पाण्याला लागणार. घंटागाडीत टाकलं तर गाडीतच भडकण्याची भीती. घनकचऱ्याचे नियम २०१६ पासून सांगतात, की घरातला घातक कचरा वेगळा घेण्याची सोय गावानं करावी. नियम चांगले आहेत. बहुतेक लहान गावांच्या घंटागाडीवर मात्र अजून ओला आणि सुका, एवढंच लिहिलेलं असतं. कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी रांजणगावला मोठी व्यवस्था आहे; मावशींच्या चार लिटरसाठी कुणी पुणे जिल्ह्यात ट्रक नेणार नाही.

शेवटी ठरलं ते असं. अण्णांच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्यानं, त्याच्याकडचा घातक माल परवानाधारक नेतो तेव्हा त्यात हे घ्यायला होकार दिला. जळक्या ऑइलच्या पिंपात ओतायचं नाही, वेगळं ठेवायचं, या अटीवर. तो माणूस येईपर्यंत पेट्रोल घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सावलीत ठेवायचं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात परवान्याशिवाय घरी ठेवायची मर्यादा तीस लिटर आहे. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंत. गोडेतेलाचा प्लास्टिकचा कॅन त्या यादीत नाही, हे मी मावशींना सांगितलं. "ब्याण्णव वर्सं झाली कायद्याला, अन मला आज सांगायलीस," म्हणाल्या. हिशेब कुठून काढला कोण जाणे, पण बरोबर निघाला.

अण्णांनी पोराला पुढच्या हंगामाचं सांगितलं: पेट्रोल लागेल तेवढंच आणायचं, फवारणी संपली की कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा राहतो, मग टाकी मोकळी करून पंप ठेवायचा. पोरानं मान हलवली. कितपत ऐकलं ते पोळ्यानंतर कळेल.

नातवानं डब्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: खराब पेट्रोल. कुणी वापरू नये. मग डबा ओट्याच्या मागं सावलीत गेला.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या काकू विरजण मागायला आल्या. त्यांची नजर डब्यावर गेली. "खराब हाय तर ठेवलंय कशाला वो? शेळ्यांना गोचीड झालेत ना तुमच्या?"

मावशींनी विरजणाची वाटी भिंतीवर ठेवली, पदर खोचला आणि अगदी पोळ्यापासून सुरुवात केली.