प्रेशर किती दाखवतोय?

हॅरो, स्लाऊ, हाउन्स्लो, लंडनच्या त्या अंगाला चार मराठी घरं जवळजवळ असली की त्यांतल्या एकात नाना असतातच. नव्वदच्या दशकात नोकरीनिमित्त आले, सेमी-डिटॅच्ड घर घेतलं, रीतसर निवृत्त झाले. आता तब्येत, पेन्शन आणि बॉयलर हे त्यांचे तीन विषय. पहिले दोन ते थोडक्यात आटोपतात.

बॉयलर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कपाटात. २००५ साली इंग्लंडात नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंग जातीचाच बसवायचा असा नियम झाला आणि नानांनी त्याच वर्षी हा घेतला. सरकारने आपल्याला विचारूनच नियम केला, अशा थाटात ते हे सांगतात. तेव्हापासून त्यांच्या मुलांची लग्नं झाली, घराचं छप्पर बदललं, बॉयलर तोच.

सकाळी आधी देवाला नमस्कार, मग प्रेशरच्या काट्याला. यंत्र थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. खाली उतरला असेल तर चहा बाजूला राहतो. दातांत टॉर्च धरून नाना गुडघ्यावर बसतात आणि प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हला टॉयलेट पेपरची पट्टी गुंडाळत जातात. तासाभराने कुठली पट्टी ओली झाली ते पाहायचं. पाहुणे असले तरी हा कार्यक्रम चुकत नाही, उलट पाहुण्यांच्या हाती रोल येतो. मग पाणी भरायच्या फिलिंग लूपचा नळ किंचित सोडून काट्यावर डोळे. काकू म्हणतात, ‘‘दुधाकडे इतकं लक्ष दिलं असतं तर आजवर एकदाही उतू गेलं नसतं.’’

फोनवर कुणी रडकुंडीला येऊन सांगितलं, की रोज पाणी भरतो आणि रोज प्रेशर पडतं, तर नाना त्याच्या घरी जाऊन बेल वाजवत नाहीत. आधी घराला वळसा घालतात. भिंतीतून बाहेर आलेल्या तांब्याच्या नळीखाली बोट धरतात. थेंब आला की प्रसन्न! एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेली; पाणी तापून फुगलं की त्याला जागा नाही, काटा ३ बारवर चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर. निदान झालं. आता आत येऊन चहा घ्यायला हरकत नाही.

पेटण्याचं प्रकरण जास्त नाजूक. पंख्याची घरघर, मग टक्-टक्-टक् ठिणगी, मग भप्. ही भप् यायला उशीर झाला की नाना हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. दोन-चार प्रयत्न फसले की लाल दिवा. रीसेट ते एकदा करतात, फार तर दोनदा. घाईघाईने बटण दाबत सुटणाऱ्या जावयाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर जावई थंड पाण्याने अंघोळ करू लागला.

पण नानांचं खरं वैभव २०१८च्या फेब्रुवारीअखेरचं. सायबेरियाकडून थंडीची लाट आली, घरोघरी बॉयलर बंद. नाना माकडटोपी घालून, कोमट पाण्याची किटली घेऊन निघाले. बॉयलरमधलं, वाफ थंडावून झालेलं पाणी बाहेर नेणारी प्लॅस्टिकची नळी गोठली, की बॉयलर पेटत नाही. ‘‘उकळतं ओतू नका, नळी तडकेल,’’ हे ते प्रत्येक दारात बजावत होते. त्या आठवड्यात त्यांना महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांपेक्षा जास्त फोन आले. अध्यक्षांचाही आला.

एवढं असून झाकण मात्र ते कधी उघडत नाहीत. गॅसचं काम नोंदणीकृत माणसानेच करायचं, हा कायदा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे आणि काकूही आहेत. नोंदणीकृत इंजिनिअर आला, की नाना त्याचं ‘गॅस सेफ’ नोंदणीचं कार्ड मागतात. कुठल्या कामांची परवानगी आहे ते मागच्या बाजूला असतं, म्हणून उलटं करून तेही वाचतात. मग चहाचा कप घेऊन त्याच्या मागे उभे.

‘‘ठिणगीचा इलेक्ट्रोड असेल,’’ नाना.

इंजिनिअर गप्प. अर्ध्या तासाने इलेक्ट्रोडच निघतो. काजळी धरलेला, टोक झिजलेलं.

‘‘आता नवीन बॉयलर घ्या,’’ बिल देताना तो म्हणतो.

‘‘याचा इलेक्ट्रोड बाजारात मिळतो ना अजून?’’

‘‘मिळतो.’’

‘‘मग आणखी दोन मागवून ठेवतो.’’

‘‘एक बॉयलरला,’’ काकू आतून म्हणतात, ‘‘दुसरा यांनाच बसवा. तेही हल्ली सकाळी लवकर पेटत नाहीत.’’