फेरीकर

कृषी संशोधन केंद्रे आपले प्रक्षेत्र, म्हणजे प्रयोगांसाठी राखलेली जमीन, वर्षातून एखाद्या दिवशी सर्वांसाठी खुले करतात. त्या दिवसास कार्यालयीन भाषेत ‘प्रक्षेत्र दिन’ आणि एरवी ‘शिवारफेरी’ असे म्हणतात. ह्या फेरीस जो निमंत्रण असो वा नसो हटकून येतो, ज्याच्या सातबाऱ्यावर एव्हाना मुलांची नावे लागलेली असतात आणि ज्याला घरी शेतीविषयी कुणी काही विचारीत नाही, त्या गृहस्थास येथे ‘फेरीकर’ म्हटले आहे.

फेरीकर महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. परंतु नाशिक जिल्ह्यात त्याची वाढ विशेष जोमदार आहे, कारण त्याच्या पोषणाची सोयही तशीच आहे. निफाडजवळ कुंदेवाडीला 1932 पासूनचे गहू संशोधन केंद्र आहे, पिंपळगाव बसवंतला कांद्याचे काम चालते, इगतपुरीला भाताचे, आणि चितेगाव फाट्यावर 1977 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय बागवानी संस्थेचे प्रक्षेत्र आहे. कांदा-लसणाचे राष्ट्रीय केंद्रही 1994 साली नाशकातच सुरू झाले होते; ते पुढे राजगुरुनगरला नेले गेले, ही गोष्ट फेरीकर आपल्या बांधावरचे झाड शेजाऱ्याने तोडून नेल्याच्या सुरात सांगतो.

ह्यांपैकी गव्हाच्या केंद्रावर त्याची भक्ती अधिक. इतर नाशिककरांस हे केंद्र ठाऊक असते ते गव्हामुळे नव्हे, तर थंडीमुळे, कारण हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून निफाडचा जो घसरलेला पारा छापून येतो, तो बहुधा कुंदेवाडीच्याच तापमापकावर वाचलेला असतो. फेरीकरही त्या बातमीस मान देऊन कानटोपी, त्यावर उपरणे आणि स्वेटर अशा तयारीने येतो; उन्हे वर आल्यावर ह्यांतील एकेक वस्तू उतरत जाऊन पिशवीत पडते, आणि दुपारी परतताना त्या पिशवीत स्वेटराच्या वर घडीपत्रिका, कृषिदर्शनी आणि दुसऱ्या कुणाचे तरी जेवणाचे कूपन असते.

वाणांची नावे त्याला पाठ असतात. निफाडच्या सरबती गव्हाच्या वाणांवर ‘एनआयएडब्ल्यू’ आणि बन्सी गव्हाच्या वाणांवर ‘एनआयडीडब्ल्यू’ अशी अक्षरे व पुढे आकडा असतो. परंतु लोकांच्या तोंडी बसावे म्हणून काहींना जवळची नावेही दिलेली आहेत, जसे 301 म्हणजे ‘त्र्यंबक’, 917 म्हणजे ‘तपोवन’ आणि बन्सीतला 295 म्हणजे ‘गोदावरी’. फेरीकर मात्र आकड्यांतच बोलतो. नवख्याने ‘तपोवन चांगला आहे का?’ असे विचारले की तो क्षणभर थांबून ‘नऊशे सतरा म्हणताय व्हय?’ असे उलट विचारतो, आणि मग नवखा पुढे काही विचारीत नाही.

त्याच्या प्रतिभेस खरा बहर येतो तो वाफ्यांपाशी. प्रयोगाच्या शेतात एखादा वाफा तुलनेसाठी मुद्दाम खताविना ठेवतात, म्हणजे खताने नेमका किती फरक पडला ते मोजता येते; त्याचप्रमाणे तांबेरा ह्या बुरशीजन्य रोगाची परीक्षा घ्यायची असेल, तर रोगास चटकन बळी पडणाऱ्या गव्हाच्या ओळी जाणूनबुजून पेरतात, जेणेकरून तेथून रोग सर्वत्र पसरावा आणि कोणता वाण टिकतो ते कळावे. चाळीस हिरव्यागार वाफ्यांना ओलांडून फेरीकर नेमका ह्या ओळींपाशी उभा राहतो, पानावरून अंगठा फिरवतो, अंगठ्याला लागलेली नारिंगी भुकटी मागच्या मंडळींना दाखवतो आणि दबक्या, पण पलीकडच्या वाफ्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणतो, ‘यांचाच गहू गेला, आपल्याला काय सांगणार!’ शास्त्रज्ञ खुलासा करतात; फेरीकर मान डोलावतो; पुढच्या वर्षी तो पुन्हा तेथेच उभा असतो.

फेरीनंतरच्या चर्चासत्राविषयी फार लिहिण्याजोगे नाही. गव्हाच्या तज्ज्ञास कांद्याचा भाव विचारणे हा तेथील रिवाज असून तो फेरीकरच पाळतो. मात्र एकदोनदा त्याचे बोलणे सभा निरुत्तर करते. पेरणीनंतर साधारण 18 ते 21 दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे, म्हणजे खोडाच्या तळाशी जमिनीलगत येणारी दुसरी मुळे फुटतात, त्या वेळी पाण्याची पाळी चुकली तर फुटवे कमी येतात, असे तज्ज्ञ सांगत असता तो उठून म्हणतो, ‘साहेब, एकविसाव्या दिवशी आमच्याकडं लाईटच नव्हती.’

आता एक नाजूक बाब. फेरीत ओंबी तोडू नये अशी पाटी असते, आणि फेरीकराला वाचता येते. तरीही तो एक ओंबी तोडतो, तळहातावर चोळतो, हलकी फुंकर मारून कुसळे व भुसा उडवतो, दाणे मोजतो आणि तोंडात टाकून त्यांचा चिवट गोळा होईपर्यंत चघळत राहतो. प्रयोगशाळेत प्रथिनांचे पृथक्करण होते ते यंत्राने, येथे ते उरलेल्या सात दातांनी होते. गोळा पसंतीस उतरला तर दुसरी ओंबी सदऱ्याच्या आतल्या खिशात जाते. कांद्याच्या केंद्रावर तो असे करीत नाही, कारण कांद्यात परागीभवन परक्या फुलांवरून मधमाश्या घडवतात, त्यामुळे एका कांद्याचे बी मूळ वाणाला धरून राहत नाही. गहू आपल्याच परागाने फळतो, म्हणून खिशातली ओंबी जशीच्या तशी पुढे चालते. 2001 च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि शेजाऱ्यास देण्याचा हक्क दिला आहे. सदऱ्याच्या खिशाचा उल्लेख त्या कायद्यात नाही.

त्या ओंबीचे दाणे नोव्हेंबरात विहिरीकडेच्या एका ओळीत पेरले जातात, मुलांनी विचारले तर ‘असंच’ एवढेच उत्तर मिळते, आणि दोन हंगामांत ओळीचा वाफा होतो. तिसऱ्या वर्षी फेरीकर खिशातून आपल्या वाफ्यातली ओंबी काढून त्याच शास्त्रज्ञापुढे धरतो व म्हणतो, ‘ओळखा बरं, कुठला वाण!’ शास्त्रज्ञ ती उन्हाकडे धरतो, कुसळांवरून बोट फिरवतो, दाणा नखाने दाबून पाहतो, आणि ज्या वाणाच्या निवडीत त्याची नोकरीतली बरीच वर्षे गेली त्या वाणाकडे पाहत म्हणतो, ‘नवीन दिसतोय, काका. कुठून आणलात?’