मंडपमामा

चेन्नईच्या महाराष्ट्रीय समाजात, म्हणजे ज्यांचे पूर्वज सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरास आले व पुढे कालांतराने मद्रासेत स्थिरावले अशा घराण्यांत, आणि चाकरीच्या निमित्ताने पुण्यामुंबईकडून येऊन मैलापूर-अड्यारकडे कायमची बिऱ्हाडे थाटलेल्या कुटुंबांतही, लग्नकार्याच्या वेळी एक असा गृहस्थ हटकून आढळतो, की ज्याला कोणी नेमलेले नसते, ज्याच्या हाती कसलाही मुखत्यारनामा नसतो, आणि तरीही ज्याने रुजवात घातल्यावाचून मांडवाची एक मेखही जमिनीत जाऊ शकत नाही. तो बहुधा वधूचा सख्खा मामा असतो. सख्खा नसल्यास मावसमामा असतो. आणि नात्याचा कोणताच धागा सापडला नाही, तर केवळ वयाच्या अधिकाराने तो ते पद आपल्याकडे घेतो. त्याला मी मंडपमामा म्हणतो.

लग्ने कल्याणमंडपात होत होती तोवर मंडपमामाच्या प्रतिभेला वाव नव्हता. डोक्यावर सिमेंटचे छत, भिंतीला पंखे, खाली फरशी, अशा ठिकाणी मांडवाविषयी मत देणे म्हणजे पर्वताच्या उंचीविषयी हरकत घेण्यासारखे आहे. परंतु सुस्थितीतल्या कुटुंबांना पूर्वकिनारा रस्त्याचा शोध लागला, नीलांकरै, उत्तंडी, कोवळम करीत लग्ने महाबलिपुरमपर्यंत सरकली, बोहले वाळूवर आले, आणि मंडपमामाचा भाग्योदय झाला. आता छत नव्हते, भिंत नव्हती, जमीनही नीटशी नव्हती. होता तो केवळ समुद्र, आणि समुद्राची व्यवस्था लावणारा कोणीतरी हवाच होता.

ही व्यवस्था लावण्याची वृत्ती त्याच्या रक्तातच आहे. कंपनी सरकारच्या काळात मद्रास इलाख्यातील कित्येक जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत शिरस्तेदारीच्या जागा आमच्या देशस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, आणि शिरस्तेदाराचा वंशज निवृत्तीनंतरही कोणत्याही वस्तूकडे हाताखालचा कारकून याच नजरेने पाहतो. बंगालच्या उपसागराशी मंडपमामाचे वर्तन याच प्रकारचे असते. शिवाय या किनाऱ्यावर आपला वडिलार्जित हक्क पोचतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे, आणि ती तो दाखल्यांनिशी सिद्ध करतो. मद्रासच्या चौपाटीला ‘मरीना’ हे नाव १८८४च्या सुमारास दिले ते गव्हर्नर ग्रँट डफ याने. आणि हा कोण, तर १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या, साताऱ्याच्या जेम्स ग्रँट डफचा मुलगा. तेव्हा मरीना ही जवळजवळ साताऱ्याच्या दप्तरातलीच बाब झाली! तेवढ्याने ऐकणाऱ्याचे समाधान झाले नाही, तर तो तंजावरच्या सरफोजीराजांना साक्षीस काढतो. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ राजांनी १८१४च्या आसपास समुद्रकाठी ‘मनोरा’ हा आठ मजली बुरूज बांधला. परक्याच्या आनंदासाठी समुद्रकाठी एवढा खर्च करणाऱ्या राजाचे आपण वारस, मग भाचीच्या लग्नात हात आखडता का घ्यावा, असा त्याचा सवाल असतो. खर्च भाचीच्या बापाचा असल्यामुळे या सवालाला धारही चांगली येते.

त्याने स्वतः मात्र कधी मांडव घातलेला नसतो. त्याचे सारे ज्ञान परक्यांच्या मांडवांच्या पाहणीतून आलेले असते. कोणाच्याही लग्नाला गेला, की वधूवरांस आशीर्वाद देण्यापूर्वी तो व्यासपीठाच्या मागे जातो, सुरूचे वासे ठोकून पाहतो, काथ्याच्या गाठी चाचपतो, वाळूच्या पोत्यांची मोजदाद करतो आणि खिशातल्या वहीत काही टिपून घेतो. यजमानाला वाटते, की हे गृहस्थ अग्निशामक दलाकडून आले असावेत. म्हणून त्यांना पानावर पहिल्या पंगतीस बसवले जाते. दोरखंडाची मेख वाळूत ठोकली तर ती लोण्यातल्या सुरीसारखी निघून येते. तिच्याऐवजी वाळूने भरलेले पोते दोन हात खोल पुरून त्याला दोर बांधला, तर वरच्या वाळूचा भारच त्याला धरून ठेवतो, हे इंगित त्याला अशाच एका लग्नात जिलबी खाताखाता उमगलेले असते. डिसेंबर २०१६मध्ये चेन्नईवर आदळलेल्या ‘वर्दा’ वादळाचा उल्लेख तो, आमचे आजोबा पानिपताचा करीत, त्या स्वरात करतो, आणि महाबलिपुरमला गेला की वराहमंडपाच्या खांबावर हात ठेवून म्हणतो, “समुद्रकाठी मांडव कसा घालावा हे पल्लवांना कळले होते. डोंगर कोरून घातला. सातव्या शतकापासून एक खांब हललेला नाही.” सोबत आलेल्या वधूपित्याचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होतो, कारण त्याने आगाऊ रक्कम कापडाच्या मांडवासाठी दिलेली असते.

वरपक्ष पुण्याचा असला म्हणजे या प्रकरणाला विशेष रंग चढतो. पुण्याच्या माणसाने समुद्र पाहिलेला असतो तो अलिबागचा किंवा गोव्याचा, आणि त्याच्या मनात समुद्रकाठचे लग्न म्हणजे गोरज मुहूर्त, पाण्यात बुडणारे तांबडे बिंब, आणि त्या बिंबापुढे अंतरपाट दूर होताच दिसणारी वधूवरांची जोडी, असे चित्र छायाचित्रकाराच्या अंदाजपत्रकासह तयार असते. वरपिता ते चित्र मोठ्या उत्साहाने मांडतो. मंडपमामा ते शेवटपर्यंत ऐकून घेतो, चष्मा पुसतो, आणि कमालीच्या अदबीने निवेदन करतो, की आपण म्हणता ते सर्व यथायोग्य आहे, परंतु या किनाऱ्याला समुद्र पूर्वेस असल्यामुळे सूर्य येथे समुद्रातून केवळ उगवतो; मावळतो तो पाठीमागे, बकिंगहॅम कालव्याच्या पलीकडे, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरच्या संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींआड.

“म्हणजे सूर्यास्त नाहीच?” वरपिता विचारतो.

“नाही, रावसाहेब. आपली आज्ञा झाल्यास सूर्योदयाचा बंदोबस्त करता येईल.”

आणि येथे मंडपमामाची बाजू शास्त्रशुद्ध असते, हे त्याच्या निंदकांनीही मान्य करावे. पहाटे वारा पडलेला असतो, वाळू गार असते, समईची ज्योत स्थिर राहते. तमिळ मंडळी लग्ने भल्या सकाळी लावतात त्यात ब्राह्ममुहूर्ताच्या पुण्याबरोबर हवामानाचा हा व्यवहारही साधला जातो. परंतु चार वाजता उठून, नटूनथटून सहा वाजता वाळूत उभे राहण्याची कल्पना पुणेकर वऱ्हाडाला मानवत नाही. पुण्याहून दूरध्वनीवर मसलती होतात, दोन्हीकडचे गुरुजी एकमेकांची पंचांगे फेटाळतात, आणि अखेर कोणालाही न दुखावणारा अभिजित मुहूर्त, म्हणजे भर दुपारी बाराच्या सुमाराचा, सर्वानुमते मुक्रर होतो. वैशाखातल्या चेन्नईत ही ती वेळ असते, की जेव्हा माथ्यावर सूर्य आणि तळव्याखाली वाळू सारखीच तापलेली असतात, आणि समुद्रावरचा वारा त्या दिवसापुरता नुकताच जागा होऊन किनाऱ्याकडे निघालेला असतो.

वाऱ्याविषयी मंडपमामाचा खरा संघर्ष सजावटवाल्या बाईंशी होतो. या बाई तरुण असतात, त्यांच्या हाती चकचकीत पाटी असते, आणि तिच्यावर बोटे फिरवून त्या दुधाळ शिफॉनचे पडदे, हवेत तरंगणारे झुंबर, शिंपल्यांच्या माळा आणि पाकळ्यांचा पायघडीमार्ग अशी एकाहून एक रम्य दृश्ये दाखवतात. त्या दृश्यांतील पडदे नेहमी एकाच बाजूस, मंदपणे, मर्यादेने हलत असतात. मंडपमामा विचारतो, हा वारा कोणत्या कंत्राटदाराचा? बाई हसतात. तो हसत नाही. तीन बाजूंनी बांधलेले अखंड वस्त्र म्हणजे शीड होय, आणि शीड लावलेली वस्तू जागा सोडते, हे त्याचे पहिले कलम. पाकळ्या पसरल्यापासून अर्ध्या घटकेत शेजारच्या कोळीवाड्यात पोचतात, हे दुसरे. आणि होमाच्या धुराला दिशा नसते असे समजून यजमानांस समुद्राकडे तोंड करून बसवू नये, हे तिसरे. पेशव्यांनी तंबू, कनाती, जाजमे यांसाठी स्वतंत्र फरासखाना ठेवला होता तो काय हौसेखातर, असा ऐतिहासिक टोलाही तो जाताजाता हाणतो. त्याची स्वतःची योजना जुनी आणि, मला विचाराल तर, देखणी असते: प्रवेशद्वाराशी घडांसकट उभी केलेली केळीची जोडझाडे, आंब्याच्या डहाळ्या, आणि चारी बाजूंनी माडाच्या कोवळ्या झावळ्यांची कातरलेली तोरणे, ज्यांतून वारा आडकाठीशिवाय निघून जातो व जाताना मांडवाचीच शोभा वाढवतो. वाऱ्याच्या बाजूस एकच कनात, तीही समईपुरती. आजी-आजोबांच्या खुर्च्या वाळूत रुतून तिरक्या होऊ नयेत म्हणून खाली फळ्या व त्यांवर काथ्याची चटई. वधूपिता दोन्ही योजना ऐकतो, आणि मुलीच्या मर्जीखातर शिफॉन व मेहुण्याच्या भीतीखातर झावळ्या, असे दोन्ही मंजूर करून मोकळा होतो.

फुलांच्या खरेदीस तो पहाटे कोयंबेडूच्या घाऊक बाजारात जातो. शेवंती, निशिगंध, अबोली, मरवा यांच्या राशींतून तो असा हिंडतो, की जणू जमाबंदीस निघाला आहे. गजरे मात्र तो मैलापुरात, कपालीश्वराच्या देवळाजवळच घेतो; तेथे ते ‘मुळम’ने, म्हणजे हाताच्या मापाने विकले जातात, आणि कोणत्या माळिणीचा हात किती लांब आहे याची नोंद त्याच्या वहीत अनेक वर्षांची असते.

कायद्याची बाब त्याला वेगळेच सुख देते. किनारा-नियमनाची १९९१ची अधिसूचना, मग २०११ची, मग २०१९ची, भरतीरेषेपासून पाचशे मीटरांचा पट्टा, हे सर्व त्याला तोंडपाठ असते व जेवणाच्या पंगतीत ऐकवण्यासारखे वाटते. मुंबईहून आलेला एखादा आप्त भरती-ओहोटीचे कोष्टक पुढे करतो, तेव्हा तो करुणेने सांगतो, की आपल्याकडे उधाणाचा फरक चार मीटरांच्या पुढे असेल, आमच्याकडे तो जेमतेम मीटरभर. आमचा समुद्र पाण्याने नव्हे, वाऱ्याने येतो. माघातले लग्न असले तर आणखी एक पक्षकार उपस्थित होतो. त्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येतात, त्यांच्यासाठी विद्यार्थ्यांची एक संस्था १९८८पासून रात्री-रात्री वाळू तुडवते, आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांनी पिलांची दिशा चुकते. मंडपमामाने हे एकदा ऐकले, की स्वागतसमारंभाची रोषणाई दहाच्या ठोक्याला बंद करण्याचा हुकूम सुटतो. वधूपक्ष, वरपक्ष आणि कासवपक्ष यांपैकी तिसऱ्याने आजवर मानापमानाची तक्रार केलेली नाही, म्हणून त्याचा सर्वाधिक ओढा तिकडेच असतो.

एवढ्या कालावधीत प्रत्यक्ष मांडव घालणारा पंदलकारर, म्हणजे सावळा, अल्पभाषी, कमरेला वेष्टी खोचलेला एक इसम, आपले काम करीतच असतो. मंडपमामाच्या प्रत्येक सूचनेला त्याचे उत्तर एकच: “पाप्पोम, सार.” पाहू या, साहेब. आणि मंडपमामाची पाठ वळली, की त्याने आवळलेली गाठ तो सोडतो व पुन्हा आपल्या पद्धतीने बांधतो.

मग मुहूर्त येतो आणि त्याच्याबरोबर वाराही येतो. शिफॉन फुगते, झुंबर कलते, गुरुजी अंतरपाट धरण्याची खूण करतात तो अंतरपाट आधीच वराच्या तोंडावर जाऊन बसलेला असतो, आणि ध्वनिक्षेपकावरून ती सनातन पुकार होते: “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!” कोणी येत नाही. पुन्हा पुकार होते. वऱ्हाडी माना वळवतात. वधू हातात हार घेऊन उभी असते. तिला आपल्या मामाचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे ती शालू सावरीत सरळ मांडवाच्या मागे जाते. तेथे तिचा मामा, रेशमी उपरणे कमरेला गुंडाळून, वायव्येचा दोर दोन्ही हातांनी धरून, टाचा वाळूत रोवून उभा असतो. “मामा, चला ना,” ती म्हणते. “बाळा, हा सोडला तर तुझे लग्न उत्तंडीला लागेल,” तो म्हणतो. पंदलकारर शांतपणे पुढे होऊन दोर आपल्या हाती घेतो. दोराचा ताबा दिल्याघेतल्याची तोंडी कबुली मंडपमामा त्याच्याकडून वदवून घेतो. आणि मगच भाचीचा हात धरून, पोटऱ्यांपर्यंत वाळूने माखलेला, बोहल्याकडे निघतो. मंगलाष्टके होतात, अक्षता पडतात, म्हणजे निघतात वधूवरांकडे व पडतात वरपित्यावर. परंतु त्या संपूर्ण वेळी मंडपमामाची दृष्टी वायव्येच्या कोपऱ्यावरून ढळत नाही.

मांडव पडत नाही. संध्याकाळी हिशेबाची फर्द येते, आणि चाळीस वर्षे लेखापरीक्षणात घालवलेला तो गृहस्थ एकेक रकमेवर बोट ठेवीत ती वाचू लागतो. सुरूचे वासे, बरोबर. काथ्या, बरोबर. पोती, बरोबर. सरतेशेवटी ‘दोन जादा माणसे, एक दिवस’ अशी एक रक्कम असते, जिचा मूळ करारात उल्लेख नाही. मंडपमामाचे डोळे चमकतात. ही माणसे कशासाठी लावली, तो खुलासा मागतो.

पंदलकारर प्रथमच त्याच्याकडे सरळ पाहतो. “सार,” तो म्हणतो, “तुम्ही बांधलेल्या गाठी सोडायला.”

मंडपमामा क्षणभर विचार करतो, आणि रकमेसमोर लिहितो: ‘मंजूर, पण एकाच माणसाची.’